तुमचे उंदीर बरे होतात का?

मे महिन्यात नागपूरला आत्याकडे गेले होते. आमरसाची जेवणं उरकली होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि घरातली सगळी मंडळी एसी असलेल्या एकुलत्या एका खोलीत सतरंज्या टाकून आडवी झाली होती. आत्या मात्र उशांना टेकून बसली होती. सपाट झोपलं की खोकल्याची ढास लागते, म्हणून हल्ली ती अशीच झोपते. मला वाटलं तिचा डोळा लागलाय. तेवढ्यात डोळे न उघडताच म्हणाली, "काय गं, तू तिकडे पुण्याला उंदरांच्या फुप्फुसांवरच काम करून राहिली ना? तुमचे उंदीर बरे होतात का?"

"होतात की."

"मग त्यांना देता ते औषध मला द्यायला सांग ना आमच्या डॉक्टरला."

"तेच देतायत तुला, आत्या."

आता तिनं डोळे उघडले. "मग मी काहून नाही बरी होत?"

तेवढ्यात कुणीतरी टरबूज कापून आणलं आणि विषय बदलला. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं असं नाही. या कामात असलेल्या कुणालाही ते येतं, परिषदांमध्ये चहाच्या वेळी आम्ही त्यावर बोलतोही. पण ज्याच्या छातीत तो आजार आहे त्याच्यासमोर ते कधी मोठ्यानं म्हणून पाहिलं नव्हतं. पुण्याला परतल्यावर पिंजऱ्यांवरची कार्डं लिहिताना तो 'काहून' सारखा आडवा येत राहिला.

आत्याचा खोकला जुना, कोरडा. जिना चढला की धाप, मग अंगण झाडलं की धाप, मग नुसती वेणी घातली तरी धाप. आधी एका डॉक्टरांनी टीबी समजून गोळ्या सुरू केल्या. खोकला, उतरलेलं वजन आणि एक्स-रेवर छाया म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, त्यांना तरी किती दोष द्यायचा. त्या गोळ्यांनी पोट बिघडलं, खोकला तसाच. पुढे छातीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीला, खालच्या अंगाला, स्टेथोस्कोप लावला आणि तिथं ऐकू येणारी, वेल्क्रोची चिकटपट्टी उचकटल्यासारखी चरचर, जिला ही मंडळी वेल्क्रोच म्हणतात, बराच वेळ ऐकली. मग औषधांचं काही न विचारता भलतंच विचारायला लागल्या. गॅलरीत कबुतरं येतात का? घरात कुठं ओल आहे? कुलर कुठला वापरता, त्याच्या ताट्या कधी बदलता? आत्याला वाटलं बाई गप्पा मारतायत. तिनंही मन लावून सांगितलं: कुलर तर आमच्याकडे पहिल्यापासूनच, ताट्या अजून चांगल्या असल्या तर कशाला बदलायच्या, पाणी तेवढं रोज भरतो.

विदर्भात वाढलेल्या माणसाला कुलरबद्दल वेडंवाकडं ऐकवत नाही. मार्चच्या शेवटी माळ्यावरून तो खाली येतो, टाकी घासली जाते, पंप चालतोय का बघतात, आणि पहिल्यांदा सुरू केला की ओल्या गवताचा, वाळ्याचा जो वास घरभर पसरतो तो म्हणजेच आमच्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी. त्याच्या अगदी तोंडाशी झोपायची जागा मिळावी म्हणून आम्ही भावंडं भांडायचो. त्या ओल्या ताट्यांवर बुरशी आणि जिवाणू धरतात, आणि पंखा ते रात्रभर आपल्या तोंडावर फेकतो, हे आमच्या गावीही नव्हतं. भारतातल्या अनेक शहरांमधल्या रुग्णांची नोंद ठेवून २०१७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या जाळीचे आजार असलेले १०८४ रुग्ण त्यात होते. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना, ४७ टक्क्यांना, आत्याला आहे तोच आजार निघाला: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. आणि त्या निम्म्यांतल्या पुन्हा जवळजवळ निम्म्यांच्या घरात कुलर होता. पाश्चात्त्य पुस्तकांत या आजाराच्या पानावर शेतकरी आणि कबुतरं पाळणारे भेटतात. आमच्या पानावर कुलर आहे. श्वासातून वर्षानुवर्षं जाणाऱ्या त्या कणांवर शरीर चवताळतं, फुप्फुसांना सूज येते, आणि सूज फार रेंगाळली की तिथं व्रण धरतो. मऊ, ताणली जाणारी जागा निबर होते. तिला आम्ही फायब्रोसिस म्हणतो.

आमच्या प्रयोगशाळेत उंदराला हा व्रण करायला एक दुपार पुरते.

औषधाचं नाव ब्लिओमायसिन. १९६०च्या दशकात जपानमध्ये हामाओ उमेझावा यांच्या गटानं मातीतल्या एका जिवाणूपासून ते वेगळं केलं. कर्करोगावर अजूनही वापरतात. त्याचा दुष्परिणाम म्हणून काही रुग्णांच्या फुप्फुसांत व्रण व्हायला लागले, आणि जो डॉक्टरांच्या दृष्टीनं ताप होता तो संशोधकांच्या दृष्टीनं सोय ठरला. गंमत म्हणजे ब्लिओमायसिन देणारा जिवाणू आणि कुजक्या गवतात वाढून शेतकऱ्यांची फुप्फुसं बिघडवणारा जिवाणू, दोघंही अ‍ॅक्टिनोमायसीट, म्हणजे एकाच गोतावळ्यातले.

ती दुपार अशी असते. भूल दिलेला उंदीर एका उतरत्या फळीवर, वरच्या दोन दातांत रबरबँड अडकवून, उताणा टांगायचा. गळ्यावर बाहेरून दिवा धरायचा. बोथट चिमट्यानं जीभ हळूच एका बाजूला ओढली की आत, लालसर अंधारात, उजेडाचा एक पांढरा ठिपका दिसतो. श्वासागणिक तो उघडतो आणि मिटतो. त्या दोन स्वरतंतूंच्या मधून बारीक नळी आत सरकवायची आणि पन्नास मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, सोडायचा. उंदीर एकदम खोल श्वास ओढतो आणि थेंब आत जातो. तो ओढलेला श्वास बोटांना कळतो. मग त्याला उबदार पॅडवर ठेवायचं, शुद्धीवर येईपर्यंत बघत राहायचं, आणि कार्डावर लिहायचं: डे झीरो.

सगळं या दोन शब्दांत आहे. उंदराचा आजार कधी सुरू झाला हे आम्हाला तासासकट माहीत असतं, कारण तो आम्हीच दिलेला असतो. पहिला आठवडा सुजेचा. न्यूट्रोफिल धावत येतात, मग लिम्फोसाइट, मग मॅक्रोफेज, सगळ्या शरीराच्या संरक्षक पेशी. नवव्या-दहाव्या दिवसापासून व्रण दिसायला लागतो, एकवीस ते अठ्ठावीस दिवसांत तो पुरता भरतो. आता औषध कधी सुरू करायचं? वर्षानुवर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी ते डे झीरोलाच किंवा पहिल्या काही दिवसांत सुरू केलं. सूज असतानाच औषध दिलं की सूज कमी होते, सूज कमी झाली की पुढचा व्रण कमी होतो, आणि व्रण निळा दिसावा म्हणून रंगवलेल्या स्लाइडवर निळं कमी दिसतं. शोधनिबंधाचं शीर्षक तयार: अमुक औषधानं फायब्रोसिस कमी होतो. प्रत्यक्षात त्या औषधानं फायब्रोसिस पाहिलेलाच नसतो. २००८ साली एका आढाव्यात कुणीतरी हे सगळे प्रयोग शांतपणे मोजले, तेव्हा व्रण धरल्यावर औषध सुरू केलेले प्रयोग अगदी मोजके निघाले. बाकी सगळे प्रतिबंधाचे.

आत्याचा डे झीरो कोणता?

तिला विचारलं तर ती लग्नाआधीच्या घरातल्या ओलीपर्यंत मागे जाते. काका म्हणतात, नाही, तो मोठा पत्र्याचा कुलर आणला त्या वर्षीपासून. चुलतभावाचा संशय कबुतरांवर. कुणाचंच चूक नसेल. पहिल्यांदा धाप लागली तेव्हा तिनं वय झालं म्हणून सोडून दिलं, दुसऱ्यांदा वजन वाढलं म्हणून. सीटी स्कॅन झाला तोवर फुप्फुसाच्या खालच्या भागात व्रण पक्का झाला होता. उंदराच्या भाषेत बोलायचं तर आत्या आमच्याकडे अठ्ठावीस दिवसांनंतर आली, आणि आमचे बहुतेक उंदीर तोवर स्लाइडवर गेलेले असतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला मला जास्त जड जाते. ब्लिओमायसिनचा तरुण उंदीर तसाच सोडला, काहीच औषध दिलं नाही, तर पुढच्या काही आठवड्यांत त्याचा व्रण आपोआप विरायला लागतो. फुप्फुस पूर्ण पहिल्यासारखं होतं असं नाही, पण होतं बऱ्यापैकी. आम्ही आठ-दहा आठवड्यांचे उंदीर वापरतो. माणसाच्या हिशेबात ते नुकतेच मिसरूड फुटलेले. दीड वर्षाच्या म्हाताऱ्या उंदरांत मात्र तो व्रण हटत नाही, हे २०१४ साली दाखवलं गेलं. आत्या पासष्टीच्या पुढची. म्हणजे तिच्यासाठी औषध शोधताना आम्ही ज्याच्यावर ते तपासतो तो तरुण आहे, आजारी पडल्याच्या दिवशीच उपचार मिळालेला आहे, आणि नुसतं वाट पाहूनही सुधारण्याची त्याच्यात ताकद आहे. अशा प्राण्यात औषध चाललं, यात औषधाचं किती आणि उंदराचं किती?

शिवाय तो राहतो कुठं! आमच्या अ‍ॅनिमल हाउसचं तापमान वर्षभर बाविसच्या आसपास. बारा तास उजेड, बारा तास अंधार. हवा गाळून येते, खालचा मक्याचा भुसा वाफेत निर्जंतुक होऊन येतो, पाणीसुद्धा. आत जायचं तर आम्ही कपडे बदलतो, टोपी, मास्क, पायात पिशव्या. लाइट गेली तर इमारतीत जनरेटरचा पहिला हक्क उंदरांचा, मग आमच्या फ्रीजचा, मग माणसांचा. नागपूरला मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तिथं आत्यानं उभा जन्म एसीशिवाय काढला, कारण एसी म्हणजे विजेचं बिल. आता तिला एसी मिळाला तो आजारी पडल्यावर, आणि तोही एकाच खोलीत. कुलर गच्चीवर उलटा पडलाय. खिडकीत त्याची लोखंडी चौकट तशीच आहे, भोकाला पुठ्ठा लावलाय, आणि संध्याकाळी सगळे त्या पुठ्ठ्याकडे बघून म्हणतात, कुलरची हवा वेगळीच होती.

हे सगळं लिहिताना उंदरांवरचं काम म्हणजे फसवणूक असा सूर लागतोय का? तसं मला म्हणायचं नाही. २०१३ साली एका अमेरिकन नियतकालिकात मोठा निबंध आला: दाहाच्या बाबतीत उंदराची जनुकं माणसासारखी वागतच नाहीत. आमच्या खोलीत दोन दिवस सुतक. पुढच्या वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी घेऊन, वेगळ्या पद्धतीनं मांडून, त्याच नियतकालिकात लिहिलं: चांगलीच सारखी वागतात. मला दोन्ही पटतात, आणि हे सोयीस्कर उत्तर नाही. उंदराच्या उजव्या फुप्फुसाला चार पाळ्या, डावं अख्खं एक. आपल्याला उजवीकडे तीन, डावीकडे दोन. त्याच्या रक्तात लिम्फोसाइटचं राज्य, आपल्या रक्तात न्यूट्रोफिलचं. जिवाणूंच्या आवरणातलं जे विष माणसाला किलोमागे काही नॅनोग्रॅम दिलं तरी हुडहुडी भरते, ते उंदराला मिलिग्रॅमच्या हिशेबात द्यावं लागतं. हे सगळं खरं. आणि तरीही त्याच विषानं सुजवलेल्या उंदरांना आम्ही कित्येक वर्षं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देत आलो, निव्वळ तुलनेसाठी, ते चालणार हे गृहीत धरून. माणसांच्या अशा फुप्फुसांत स्टिरॉइड द्यावं की नाही यावर डॉक्टर दशकानुदशकं वाद घालत होते. जून २०२०मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू या स्वस्तातल्या औषधानं एक तृतीयांशानं कमी झाले. आणि ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना? काहीच फायदा नाही. पुन्हा तेच. औषध कुठलं याइतकंच, कधी.

उलटी उदाहरणंही आहेत. इंटरफेरॉन गॅमा नावाचं औषध उंदरांत छान चाललं. २००९ साली फायब्रोसिसच्या आठशेवर रुग्णांच्या चाचणीत ते घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. प्रेडनिसोलोनच्या जातीचं स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन ही जोडगोळी फायब्रोसिसच्या एका प्रकारात डॉक्टर कित्येक वर्षं देत होते. २०१२मध्ये कळलं की ती, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या जोडीनं, घेणारे रुग्ण जास्त दगावतायत. आणि मग आत्या घेते ते निंटेडानिब. तेही ब्लिओमायसिनच्या उंदरांतून गेलेलं. २०१९च्या चाचणीत, ज्यात आत्याच्या आजाराचेही रुग्ण होते, न घेणाऱ्यांची फुप्फुसाची क्षमता वर्षाला साधारण १८८ मिलिलिटरनं घटली, घेणाऱ्यांची ८१नं. नीट वाचलं तर दोन्ही आकडे घटीचेच आहेत. गेलेलं ते परत आणत नाही. जाणारं सावकाश करतं.

ज्या दिवशी फुप्फुसं काढायची असतात त्या दिवशी मी सकाळी फारसं बोलत नाही. हे ठरवून नाही, होतं तसं. अ‍ॅनिमल हाउसचे मामा पिंजरा घेऊन वेगळ्या खोलीत येतात. एका उंदरासमोर दुसऱ्याला मारायचं नाही, हा नियम समितीच्या कागदावर वाचण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचा स्वतःचा आहे. ते प्रत्येकाचं वजन सांगतात, मी लिहून घेते. वीस टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर त्याला आधीच मोकळं केलेलं असतं, त्रास लांबवायचा नाही म्हणून. मग भुलीचा मोठा डोस. श्वासनळीत नळी घालून सलाइन आत सोडायचं आणि हलकेच ओढून घ्यायचं. निरोगी फुप्फुसातून ते स्वच्छ, वर फेस धरलेलं येतं, सुजलेल्यातून गढूळ. त्यातल्या पेशी काचेवर बसवून रंगवल्या की उंदराचे न्यूट्रोफिल ओळखू येतात: मधल्या केंद्रकाचं चक्क कडं झालेलं असतं. इतक्या वर्षांनीही ते कडं दिसलं की मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचं थोडं खटकतं. कारण कडी जितकी जास्त, तितका तो उंदीर जास्त आजारी होता, आणि तितका आमचा प्रयोग चांगला जमला.

मामांना एकदा विचारलं होतं, तुम्हाला काही वाटत नाही का? ते म्हणाले, "वाटतं की. पण मी नसलो तर यांना धरणारा नवखा असेल. शेपटीला हिसडा देईल." यापेक्षा नेमकं उत्तर मला कुठल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानात मिळालं नाही.

पावसाळ्यात आत्याला फोन केला तेव्हा तिनं विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. उंदीर तरुण असतात, आजार सुरू झाल्याबरोबर औषध मिळतं, आणि थोडे आपसूकही बरे होतात. तुझं औषध घसरण सावकाश करायला आहे. ती ऐकत होती, मध्ये मध्ये खोकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मले उशीर झाला म्हण ना सरळ." मी म्हटलं, तुला नाही, आम्हाला. "बरं बाप्पा. पण सावकाश करून राहिलं ना? मग ठीक आहे. सावजी तेवढं बंद झालं बघ माझं, या गोळीनं पोट फार बिघडतं. तुमच्या उंदरांचं बिघडतं का?" बिघडत असणार. पण त्यांच्या लेंड्या कशा होतात हे आम्ही कधी लिहून ठेवलं नव्हतं. आता ठेवतो.

या वेळच्या प्रस्तावात मी दोन बदल केलेत. औषध दहाव्या दिवसानंतर सुरू होईल, आणि निम्मे उंदीर म्हातारे असतील. ऐकायला साधं वाटतं, पण दोन्हीची किंमत आहे. उशिरा सुरू केलं की फरक बारीक दिसतो, बारीक फरक पकडायला जास्त उंदीर लागतात, आणि प्राण्यांच्या नीतिसमितीला हवे असतात कमी. रास्तच आहे ते. म्हातारे उंदीर विकत मिळणं अवघड, म्हणून ते इथंच दीड वर्ष सांभाळायचे. तोवर काही आपापल्या मरणानं जातील, काहींना गाठी येतील, नर एकमेकांना चावतील. कार्यालयातून विचारणा आलीच: प्रयोग सुरूच व्हायच्या आधी एवढा काळ नुसता चारा-पाण्याचा खर्च कशासाठी? मी उत्तरात वयाचं आणि व्रणाचं सगळं शास्त्र लिहिलं. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मामांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. एवढा काळ ठेवायचे तर यांचे दात वाढत राहणार, कुरतडायला लाकडी ठोकळे दुप्पट लागतील. ते कुठल्या खात्यातून मागवायचे तेवढं आधी सांगा.